विश्लेषण : एक राजपुत्र, ३५ मुली आणि आठ जाती... ‘द सिलेक्शन’ मालिकेवरून वाचकांत दोन तट का?

पहिले पुस्तक २०१२ मध्ये आले, पाचवे २०१६ मध्ये. त्यानंतरही कीरा कॅस या अमेरिकी लेखिकेच्या ‘द सिलेक्शन’ मालिकेवरचा वाद शमलेला नाही. एक वाचक रात्रभर जागून तिन्ही भाग संपवतो आणि भरभरून तारे देतो. दुसरा पन्नास पानांत पुस्तक मिटतो आणि एका ताऱ्यावर बोळवण करतो. किशोरवयीनांसाठीच्या एका राजघराण्याच्या प्रेमकथेवर इतके टोकाचे मत का पडते? आणि या कथेतला ‘जात’ हा शब्द मराठी वाचकाला वेगळा का टोचतो?

मालिका नेमकी काय आहे?

काळ भविष्यातला. महायुद्धांत आजची अमेरिका मोडून पडली आहे आणि तिच्या जागी ‘इलेया’ नावाचे राजेशाही राष्ट्र उभे आहे. तिथली प्रजा एक ते आठ अशा क्रमांकांच्या जातींत विभागलेली आहे. वर राजघराणे, त्याखाली नट, खेळाडू, मॉडेल, मग शिक्षक-डॉक्टर, व्यापारी-शेतकरी, पाचव्या पायरीवर कलावंत, सहाव्यावर घरगडी, सातव्यावर अंगमेहनत करणारे आणि आठव्यावर बेघर, ज्यांना कोणी विचारत नाही असे.

राजपुत्र मॅक्सन लग्नाच्या वयाचा झाला की प्रजेतल्या १६ ते २० वयाच्या मुलींकडून अर्ज मागवले जातात. त्यातून ३५ जणी राजवाड्यात येतात आणि एक राणी होते. हा सगळा सोहळा दूरचित्रवाणीवर देशभर दिसतो. नायिकेचे नाव अमेरिका सिंगर. ती पाचव्या जातीतली गायिका. तिचे प्रेम आहे सहाव्या जातीतल्या ॲस्पेनवर. अर्ज भरण्याचा आग्रह घरचे करतात आणि ॲस्पेनही करतो. ती निवडली जाते, आणि पुढे राजपुत्र की पहिला प्रियकर, या पेचावर तीन पुस्तके चालतात : ‘द सिलेक्शन’ (२०१२), ‘द एलीट’ (२०१३) आणि ‘द वन’ (२०१४). ‘द हेअर’ (२०१५) आणि ‘द क्राऊन’ (२०१६) ही पुढची दोन पुस्तके अमेरिकेच्या मुलीची, राजकन्या ईडलिनची.

ही कल्पना बायबलमधल्या एस्थर राणीच्या आणि सिंड्रेलाच्या गोष्टीवरून सुचल्याचे लेखिकेने सांगितले आहे. एस्थरलाही राजाने अनेक मुलींतून निवडले. तिच्या मनात आधी कोणी असेल का, हा प्रश्न कॅसला पडला आणि त्यातून ॲस्पेन जन्माला आला.

पुस्तके ‘न्यू यॉर्क टाइम्स’च्या खपाच्या यादीत गेली. दूरचित्रवाणी मालिकेसाठी दोनदा पहिला भाग चित्रित झाला, पण ती प्रसारित झाली नाही. २०२० मध्ये नेटफ्लिक्सने चित्रपटाची घोषणा केली. म्हणजे या कथेला ओढ आहे, हे बाजारानेही ओळखले.

आवडणाऱ्यांना काय आवडते?

पहिली गोष्ट म्हणजे वेग. प्रकरणे लहान आहेत आणि प्रत्येकाच्या शेवटी पुढचे पान उलटावेसे वाटते. ज्या मुलांना जाड पुस्तकाची धास्ती वाटते, त्यांनीही ही मालिका संपवल्याचे अनेक वाचक सांगतात. वाचनाची सवय लागण्यासाठी हे थोडे नाही.

दुसरी गोष्ट, मैत्री. ३५ मुली एका नवऱ्यासाठी स्पर्धेत असताना त्या एकमेकींचे पाय ओढतील, एवढीच अपेक्षा असते. पण अमेरिका आणि मार्ली यांची मैत्री शेवटपर्यंत टिकते. सेलेस्ट ही सुरुवातीची खाष्ट मॉडेल, तीही शेवटाकडे माणूस म्हणून उलगडते.

तिसरी गोष्ट, नायिकेची जीभ. राजवाड्यातल्या पहिल्याच रात्री ती राजपुत्राला फटकारते. आपण इथे जेवणासाठी आणि घरी जाणाऱ्या पैशांसाठी आलो आहोत, हे लपवत नाही. गरिबी हे तिच्यासाठी शोभेचे ठिगळ नाही. घरात कधी काय शिजेल याचा हिशेब करणारी ही मुलगी आहे.

आणि चौथी गोष्ट म्हणजे विसावा. शेवट गोड होणार हे माहीत असूनही, किंबहुना माहीत असल्यामुळेच, प्रेमकथा वाचली जाते. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात कोणी राजवाडा आणि झगे यांत दोन तास रमले, तर त्यात खजील होण्यासारखे काही नाही. मुलांच्या साहसकथांतली अतिशयोक्ती आपण कौतुकाने वाचतो आणि मुलींच्या प्रेमकथेतल्या झग्याला मात्र नाक मुरडतो, हा चाहत्यांचा आक्षेप रास्त आहे.

मग न आवडणाऱ्यांचे म्हणणे काय?

सर्वाधिक ऐकू येणारी तक्रार मौलिकतेची. ‘द हंगर गेम्स’ हे पुस्तक २००८ मध्ये आले होते. विभागलेली प्रजा, गरीब घरातली मुलगी आणि दूरचित्रवाणीवरची स्पर्धा हे सारे तिथे होते. त्यातून रक्तपात वजा केला आणि ‘द बॅचलर’ या अमेरिकी रिॲलिटी कार्यक्रमातली नवरी-निवड जोडली की ‘द सिलेक्शन’ तयार होते, असे टीकाकार म्हणतात.

दुसरी तक्रार, कच्च्या जगाची. युद्धे कशी झाली, राजेशाही कशी आली, राजवाड्यावर वारंवार चालून येणारे बंडखोर कोण आणि त्यांना हवे काय, याची उत्तरे फार उशिरा आणि तुटक मिळतात. बंडखोर येतात, मुली तळघरात लपतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मेजवानी.

तिसरी तक्रार अधिक गंभीर आहे आणि ती संमतीची आहे. निवड झाल्यावर अधिकारी घरी येऊन अमेरिकेला नियम समजावतो. राजपुत्राला कोणत्याही गोष्टीत नकार द्यायचा नाही, हा त्यातलाच एक. मुलगी ‘अस्पर्शित’ असल्याची खात्री केली जाते, कारण इलेयात लग्नाआधीचा शरीरसंबंध गुन्हा आहे. ‘द एलीट’मध्ये मार्ली एका पहारेकऱ्यासोबत सापडते, तेव्हा दोघांना भर चौकात फटके मारले जातात आणि थेट आठव्या जातीत ढकलले जाते. मॅक्सन सज्जन आहे म्हणून पहिला नियम वापरला जात नाही. पण नियम तिथेच राहतो. राजपुत्र सज्जन नसता तर काय, हा प्रश्न कथा झटकून टाकते, असे या वाचकांना वाटते.

भारतीय वाचकाला इथे आणखी एक ओळखीची गोष्ट दिसते, ती म्हणजे अर्ज. त्यात उंची, वजन, केस आणि डोळ्यांचा रंग, येणाऱ्या भाषा, अंगच्या कला असे सारे आहे, आणि अर्ज देताना छायाचित्रही काढले जाते. सोडत असल्याचे सरकार सांगते, पण फोटो काढला जाताच अमेरिकेला शंका येते की ही चिठ्ठ्यांची सोडत नव्हे. वधूवर सूचक मंडळाचा बायोडाटा आणि कांदेपोह्यांचा कार्यक्रम ज्यांनी पाहिला आहे, त्यांना ही शंका समजावून सांगावी लागत नाही.

दोघेही बरोबर कसे असू शकतात?

कारण दोघे दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे देत असतात. पाच तारे देणारा वाचक विचारतो : या मुलीचे मन कुठे वळेल? त्या प्रश्नाला मालिका पुरेपूर उतरते. एक तारा देणारा विचारतो : माणसांना क्रमांक देणारे हे राज्य चालते कसे आणि मोडेल कसे? त्या प्रश्नाला मालिका अपुरी पडते.

प्रेमकथेत मागच्या भिंतीवरचे चित्र धूसर असले तरी चालते. अडचण अशी, की कॅसने त्या भिंतीवर निव्वळ डोंगर-नद्या काढल्या नाहीत. तिने ‘कास्ट’ हा शब्द लिहिला. हा शब्द अमेरिकी किशोरवयीन मुलीला परीकथेतल्या पायऱ्यांसारखा वाटू शकतो. आपल्याकडे तो आडनावाला चिकटून येतो.

जातीचे चित्रण कुठे खरे उतरते?

मालिकेला तिचे श्रेय द्यायला हवे. अमेरिका पाचवी, ॲस्पेन सहावा. दोघेही गरीब, दोघांच्या घरी पोटाची मारामार. तरीही मुलीने एक पायरी खाली लग्न करावे, हे तिच्या आईला मान्य होणारे नाही. लग्नानंतर बायको नवऱ्याच्या जातीची होते, म्हणून खालच्या मुलाशी लग्न म्हणजे मुलीची घसरण. वरच्याकडे मान वर करून पाहायचे आणि खालच्याला पायरीवरून वर येऊ द्यायचे नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जिला श्रेणीबद्ध विषमता म्हटले, ती नेमकी हीच. इथे सगळ्यांत वरचा आणि सगळ्यांत खालचा यांच्यातले अंतर जितके बोलते, त्याहून पाच आणि सहा यांच्यातले बोलते.

लग्नाचे महत्त्वही कथेने अचूक पकडले आहे. न्यू यॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात ९ मे १९१६ रोजी वाचलेल्या निबंधात तरुण आंबेडकरांनी मांडले होते, की जातीचा गाभा म्हणजे जातीतल्या जातीत लग्न. ‘जातिनिर्मूलन’ (१९३६) या लाहोरच्या परिषदेसाठी लिहिलेल्या आणि तिथे न होऊ शकलेल्या भाषणात त्यांनी सहभोजनापेक्षा आंतरजातीय विवाहाला खरा उपाय मानले. इलेयातही जातीबाहेर लग्न करायचे तर कागदपत्रांचा ढीग आणि सुमारे ९० दिवसांची वाट असते.

ते ९० दिवस वाचताना आपल्याकडचे ३० दिवस आठवतात. विशेष विवाह कायदा, १९५४ नुसार विवाह नोंदणी अधिकाऱ्याला ३० दिवस आधी नोटीस द्यावी लागते आणि ती कार्यालयात दर्शनी भागात लावली जाते. हा कायदा जातीसाठी केलेला नाही, तो कोणालाही लागू आहे. दोघेही हिंदू असतील तर १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याचा मार्ग मोकळा असतो आणि तिथे ही नोटीस लागत नाही. पण घरच्यांचा विरोध असलेल्या जोडप्यासाठी फलकावरच्या त्या नोटिशीचा अर्थ कायद्याच्या पुस्तकातल्यापेक्षा वेगळा असतो. अलाहाबाद उच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये अशी नोटीस प्रसिद्ध करणे जोडप्याच्या इच्छेवर सोडले, ते याच अडचणीमुळे.

आणि कुठे चुकते?

इलेयातली जात सुटते. ॲस्पेन सैन्यात भरती होतो आणि एका फटक्यात सहाव्याचा दुसरा होतो. अमेरिका निवडली जाते आणि पाचव्याची तिसरी होते. मार्ली एका शिक्षेने आठवी होते. क्रमांक बदलला की प्रश्न मिटला. नव्या पायरीवरचे लोक तुमच्यासोबत जेवतात, हसतात, तुम्हाला शेजारी बसवतात.

जातीचा खरा चिवटपणा इथे नेमका निसटतो. आपल्याकडे अधिकारी झाला, डॉक्टर झाला, परदेशी गेला तरी माणसाची जात कागदावर राहते, आणि कागदावर नसली तर भाड्याचे घर शोधताना विचारलेल्या आडनावात राहते. पाणवठा, मंदिर, स्पर्श, ताट यांचा इलेयात मागमूस नाही. तिथे जात म्हणजे धंदा आणि पगाराचा गट. कामाची वाटणी वेगळी आणि माणसांची जन्मावरून लावलेली उतरंड वेगळी, हा फरक कथेला उमगत नाही.

म्हणून एखाद्या भारतीय वाचकाला हे वरवरचे वाटले, तर तो उगाच हळवा होतोय असे म्हणता येणार नाही. नागराज मंजुळे यांच्या ‘सैराट’ने (२०१६) याच वयाच्या मुलांची प्रेमकथा सांगितली, तीही गाणी आणि हशा यांसह. तिचा शेवट कुठे झाला, हे महाराष्ट्राने चित्रपटगृहात सुन्न होऊन पाहिले. जातपंचायतींनी वाळीत टाकण्याच्या प्रकारांविरुद्ध त्याच वर्षी आपल्या विधिमंडळाला सामाजिक बहिष्काराविरोधी कायदा मंजूर करावा लागला. आंतरजातीय विवाह करणाऱ्यांना शासन अर्थसाहाय्य देते. ज्या गोष्टीला सरकारी प्रोत्साहन द्यावे लागते, ती अजून रूढ झालेली नाही हे उघड आहे.

सर्वांत नावडते पुस्तक सर्वांत खरे?

चाहत्यांतही एक मोठी फूट आहे आणि ती ‘द हेअर’वरून. अमेरिकेवर जीव लावलेल्या अनेक वाचकांना तिची मुलगी ईडलिन सोसली नाही. गर्विष्ठ, लाडावलेली, मुलांना तुच्छ लेखणारी अशी विशेषणे तिला मिळाली. यावेळी निवड उलटी आहे : ३५ मुलगे आणि निवडणारी राजकन्या. स्वयंवर ही कल्पना आपल्याला नवी नाही. २००९ मध्ये ती आपल्याकडे रिॲलिटी कार्यक्रम म्हणूनही येऊन गेली. तरी निवडणारी मुलगी तोऱ्यात वागली की वाचक बिथरतो. हाच तोरा राजपुत्राने दाखवला असता तर त्याला रुबाब म्हटले गेले असते, हा ईडलिनच्या समर्थकांचा मुद्दा खोडून काढणे अवघड आहे.

पण या पुस्तकाची खरी ताकद वेगळीच आहे आणि वादात तिच्याकडे दुर्लक्ष झाले. मधल्या काळात राजा मॅक्सन आणि राणी अमेरिका यांनी जाती रद्द केल्या आहेत. ‘द वन’च्या गोड शेवटानंतर वाचकाची अपेक्षा असते, की आता सारे सुखात असतील. तसे होत नाही. कायद्यातून जाती गेल्या, पण लोक एकमेकांना जुन्या क्रमांकानेच मोजतात. नोकरी देताना, दुकान चालवताना, लग्न जमवताना जुना आकडा आड येतो. देशात धुसफुस आहे. ईडलिनची मिरवणूक निघते तेव्हा गर्दीतून तिच्या अंगावर सडके अन्न फेकले जाते. राजवाड्यात वाढलेल्या मुलीला हा राग कुठून आला, तेच समजत नाही.

१९५० मध्ये लागू झालेल्या राज्यघटनेच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली. त्यानंतर १९५५ मध्ये त्यासाठी वेगळा कायदा लागला आणि १९८९ मध्ये अत्याचार प्रतिबंधाचा आणखी कडक कायदा आणावा लागला. फर्मान निघाल्यावर काय उरते, हे आपण जाणतो. पहिल्या तीन पुस्तकांत जे सोपे करून टाकले होते, त्याची किंमत चौथ्या पुस्तकात वसूल होते. ईडलिनला राग ‘दिसत नाही’ हाही तपशील फसलेला नाही. वरच्या पायरीवरच्याला जात दिसत नाही, असे आपल्याकडेही रोज ऐकू येते.

‘द क्राऊन’च्या शेवटी ईडलिन राजसत्तेचे अधिकार कमी करून घटनात्मक राजेशाहीकडे वळते. हे घाईने उरकले आहे, हा आक्षेप खरा आहे. पण एका प्रेमकथेच्या मालिकेने राजपुत्रापासून सुरुवात करून राजाची गरज किती, या प्रश्नापाशी थांबावे, हेही कमी नाही.

मग मुलांनी वाचावी का?

वाचावी. मोबाइलवर वाचली तरी हरकत नाही. ‘हलके’ म्हणून हिणवलेले पुस्तक मुले सोडत नाहीत, पालकांना सांगणे तेवढे सोडतात. बंदीपेक्षा एकत्र बोलणे उपयोगाचे.

बोलायला विषय आयते आहेत. राजपुत्राला नकार द्यायचा नाही, हा नियम वापरला गेला नाही म्हणून तो चालण्यासारखा होतो का? अमेरिकेच्या आईला ॲस्पेन मान्य झाला नसता, तसे आपल्या घरात कोणाला नाकारले गेले आहे का? आठ क्रमांक पुसले तरी लोक ते विसरले का नाहीत? घरात चौदा-पंधरा वर्षांची मुलगी किंवा मुलगा असेल, तर या तीन प्रश्नांवर जेवणाच्या टेबलावर जे बोलणे होईल, ते शाळेच्या नागरिकशास्त्राच्या तासाला होणे अवघड आहे. त्यातला दुसरा प्रश्न पालकांना अधिक जड जाईल.

तारे किती द्यायचे, ते मग ज्याचे त्याने ठरवावे. तीन पुस्तकांवर थांबणाऱ्यांनी मात्र चौथे उघडून पाहावे. ईडलिन आवडणार नाही कदाचित. तिच्या अंगावर सडके अन्न का आले, हे समजून घेण्यासाठी ती आवडण्याची गरज नाही.